रेड माउंटन: सोनं संपलं, डोंगर उरला

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये हेडफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

मागच्या फेब्रुवारीत आम्ही ऑफिसमधले चौघं व्हँकूवरहून गाडी काढून निघालो. सहाशे किलोमीटरच्या वर अंतर, त्यात हिवाळा. रेडिओला स्टेशन नाही, फोनला रेंज नाही. विमानाने कॅसलगारपर्यंत जाता येतं, पण हिवाळ्यात तिथे ढग इतके खाली उतरतात की विमानं सारखी रद्द होतात, आणि लोक त्या विमानतळाला गमतीने ‘कॅन्सलगार’ म्हणतात. म्हणून गाडी. शेवटच्या टप्प्यात पॉल्सन पास नावाचा घाट लागतो, 1,535 मीटर उंचीचा. तो उतरलो की एक फाटा येतो. सरळ गेलं की कॅसलगार, उजवीकडे वळलं की रॉसलँड. त्या फाट्याजवळच्या तळ्याचं नाव नॅन्सी ग्रीन लेक, आणि आजूबाजूच्या उद्यानालाही नॅन्सी ग्रीनचंच नाव.

मी विचारलं, ही कोण? गाडी चालवणारा मित्र कॅनडातच वाढलेला. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं कोणी आपल्याला ‘गावसकर कोण?’ विचारावं. तिच्याकडे येतोच. आधी डोंगर.

रेड माउंटन रिसॉर्ट रॉसलँड गावाच्या तीनेक किलोमीटर अलीकडे आहे. गावाची लोकसंख्या चार हजारांच्या थोडी वर. रिसॉर्टचं स्कीइंगचं क्षेत्र मात्र सुमारे 3,850 एकर, आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा उतार जवळजवळ 890 मीटर. तुलनेसाठी सांगतो, सगळ्यांच्या इन्स्टावर दिसणाऱ्या व्हिस्लर ब्लॅककोंबचं क्षेत्र आठ हजार एकरांच्या आसपास आहे आणि तिथे वर्षाला वीस लाखांहून जास्त लोक येतात. म्हणजे जागा जवळपास निम्मी, पण गर्दी? शनिवारी सकाळी दहा वाजता आम्ही लिफ्टपाशी पोचलो तेव्हा पुढे सहा माणसं होती. मी मोजली, कारण विश्वास बसत नव्हता.

शांत म्हणजे सोपं नाही, बरं का. कॅनडात उतारांना खुणा असतात: हिरवा गोल म्हणजे सोपा, निळा चौकोन म्हणजे मधला, काळा डायमंड म्हणजे अवघड, दोन काळे डायमंड म्हणजे घरी फोन करून घे. पण या खुणा प्रत्येक रिसॉर्ट आपल्या डोंगराच्या मानाने लावतो. मी व्हँकूवरजवळच्या टेकड्यांवर दोन हिवाळे स्नोबोर्ड शिकलो होतो, निळ्या उतारांवर आरामात यायचो. इथल्या निळ्याने पहिल्या दहा मिनिटांत माझा सगळा आत्मविश्वास उतरवला. मशीनने दाबून सपाट केलेले रस्ते कमी, आणि मजा सगळी झाडांमध्ये. ग्रॅनाइट नावाच्या मुख्य डोंगराच्या माथ्यावरून तर तीनशे साठ अंशांत कुठेही खाली सुटता येतं. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात चुकीच्या बाजूला सुटलात तर सपाट वाट लागते, आणि स्नोबोर्डवर सपाट वाट म्हणजे शिक्षा. स्कीवाले काठ्या टेकत निघून जातात, आपण एक पाय सोडवून लंगडीचा डाव खेळत बसतो.

झाडांमधला खरा धोका वेगळाच. मोठ्या देवदाराच्या फांद्यांखाली, बुंध्याभोवती बर्फ घट्ट बसत नाही, तिथे पोकळी राहते. वरून दिसत नाही. माणूस त्यात डोकं खाली करून पडला तर स्वतःहून सुटणं जवळपास अशक्य, आणि वरचा भुसभुशीत बर्फ अंगावर कोसळतो तो वेगळा. म्हणून झाडांत एकट्याने जायचं नाही. जोडीदार नजरेत किंवा आवाजाच्या टप्प्यात हवा, आणि गळ्यात शिट्टी. आम्ही दर दोन मिनिटांनी एकमेकांना हाका मारत उतरलो, सिंहगडावर चुकलेल्या शाळेच्या सहलीसारखे.

आता इतिहास. लिफ्टच्या खांबांवरची नावं वाचताना मला पहिल्यांदा शंका आली. मदरलोड, सिल्व्हरलोड, टॉपिंग क्रीक. लोड म्हणजे खडकातली धातूची शीर. ही नावं स्कीवाल्यांची नाहीत, खाणवाल्यांची आहेत.

तर झालं असं. 1890 च्या उन्हाळ्यात जो मॉरिस आणि जो बुर्जुआ नावाचे दोन जण या तांबूस डोंगरावर खनिज शोधत फिरत होते. खडकातलं लोखंड गंजून डोंगर लालसर दिसायचा, म्हणून रेड माउंटन. त्यांनी पाच ठिकाणी खुंट्या ठोकल्या. अशा जागेला क्लेम म्हणतात, म्हणजे खाणीसाठी नोंदवलेला हक्क. पण दोघांना मिळून चारच क्लेम नोंदवता येत होते. पाचव्याचं काय करायचं? ते नोंदणीसाठी नेल्सनला गेले. तिथे युजीन टॉपिंग नावाचा माणूस नोंदणीच्या कामात होता. ठरलं असं की सगळ्यांची नोंदणी फी टॉपिंगने भरायची आणि त्या बदल्यात पाचवा क्लेम त्याने घ्यायचा. फी होती साडेबारा डॉलर. तो पाचवा क्लेम म्हणजे ल रॉय, पुढे या भागातली सगळ्यात श्रीमंत सोन्याची खाण.

साडेबारा डॉलर! स्टार्टअपच्या जगात असे किस्से आपण रोज ऐकतो, पण इथे तर माणसाने फक्त सरकारी फी भरली होती.

पण एक मिनिट थांबूया. ती जागा रिकामी होती का? नव्हती. कोलंबिया नदीच्या या खोऱ्यात सिनिक्स्ट लोक हजारो वर्षं राहत होते. 1846 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने एकोणपन्नासाव्या अक्षांशावर रेघ ओढली, ती थेट त्यांच्या प्रदेशातून गेली. खाणी आल्या, वस्त्या आल्या, आणि लोक हळूहळू रेघेच्या दक्षिणेला ढकलले गेले. 1956 मध्ये कॅनडा सरकारने त्यांना सरळ ‘नामशेष’ जाहीर करून टाकलं. माणसं जिवंत होती, काही किलोमीटर पलीकडे, अमेरिकेत. मग 2010 मध्ये रिक डेसॉटेल नावाच्या सिनिक्स्ट माणसाने कॅनडात येऊन एका एल्कची शिकार केली, त्याच्यावर खटला भरला गेला, आणि तो खटला वर वर चढत गेला. 2021 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तो अमेरिकेचा नागरिक असला तरी आपल्या पूर्वजांच्या भूमीवर शिकारीचा त्याचा हक्क शाबूत आहे. डेटाबेसमधली नोंद उडवली म्हणून माणूस उडत नाही. आमच्या धंद्यातल्या लोकांनी हे जरा लक्षात ठेवावं.

परत ल रॉयकडे. खाण स्पोकेनच्या अमेरिकन लोकांनी घेतली. सीमा इथून फार तर दहा किलोमीटर, त्यामुळे सुरुवातीचं रॉसलँड नावापुरतंच कॅनडात होतं. काही वर्षांत जंगलातल्या झोपड्यांचं सुमारे सात हजार वस्तीचं शहर झालं, 1897 मध्ये त्याला नगराचा दर्जा मिळाला. खाली नदीकाठी ट्रेल इथे स्मेल्टर उभा राहिला, म्हणजे धातू वितळवून वेगळा करायचा कारखाना. तो आजही चालू आहे. त्याच्या धुराने सीमेपलीकडच्या शेतकऱ्यांची पिकं जळली म्हणून दोन देशांत लवाद झाला, त्याचा अंतिम निवाडा 1941 चा. पर्यावरणाचा आंतरराष्ट्रीय कायदा शिकणारी मुलं आजही ट्रेल स्मेल्टरपासून सुरुवात करतात.

आणि ल रॉय? 1898 मध्ये ती लंडनच्या व्हिटेकर राइट नावाच्या कंपनीबहाद्दराच्या हाती गेली. एका कंपनीतून दुसरी काढायची, शेअर फुगवायचे, ताळेबंद रंगवायचे, संचालक मंडळावर लॉर्ड मंडळी बसवायची. 1900 च्या अखेरीस त्याचा डोलारा कोसळला. 1904 मध्ये लंडनच्या कोर्टात त्याला सात वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच इमारतीत त्याने सायनाइड घेतलं. रॉसलँडचे खाणकामगार मात्र त्या डोंगराच्या पोटात खणतच होते. त्यांची संघटना 1895 ची, त्यांनी बांधलेलं युनियन हॉल 1898 चं, ते अजून गावात उभं आहे. 1901 मध्ये मोठा संप झाला. तो फसला.

डोंगराच्या पोटात जे चाललं होतं ते हे. आता पाठीवर काय चाललं होतं ते बघू.

या कामगारांत आणि मुकादमांत स्कँडिनेव्हियातले बरेच लोक होते. त्यातला एक ओलाउस येल्डनेस, 1856 मध्ये नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेतल्या खाणींमधून फिरत इथे आलेला. त्या काळी इकडे स्कीला ‘नॉर्वेजियन स्नोशू’ म्हणायचे. लांबलचक लाकडी फळ्या आणि हातात एकच लांब काठी. त्याच्याबद्दल एक गोष्ट गावात अजून सांगतात. त्याने मित्रांना रेड माउंटनच्या माथ्यावर चहापानाचं निमंत्रण दिलं. चहा झाला, बहुतेक चहाहून कडक काहीतरीही झालं, आणि मग त्याने प्रत्येकाच्या हातात स्की दिल्या: चला, आता खाली. ज्यांनी आयुष्यात स्की पायाला लावली नव्हती ते लोक कसेबसे, गडगडत, काही जण लंगडत गावात पोचले. खरं किती, मीठमसाला किती, कोण जाणे. पण मी ग्रॅनाइटवरून जसा उतरलो ते आठवलं की मला गोष्ट खरी वाटते.

1898 मध्ये रॉसलँडचा पहिला विंटर कार्निव्हल झाला, त्यामागेही येल्डनेस होता. स्कीच्या शर्यती, उड्या, आणि बक्षिसं बहुतेक त्याच्याच खिशात. कॅनडातल्या स्कीस्पर्धांची कहाणी इथून सुरू होते असं गावकरी छातीठोकपणे सांगतात. कार्निव्हल आजही दर जानेवारीत भरतो. येल्डनेसचा पुतळा गावाच्या मधोमध आहे, आम्ही त्याच्याजवळ उभं राहून कॉफी प्यायलो.

पुढची तीस वर्षं भराभर सांगतो, कारण ती उतरणीची आहेत. सोनं खोल गेलं, खणणं परवडेना, आणि 1929 च्या सुमारास मोठ्या खाणी बंद झाल्या. तोवर या डोंगरांतून पंचवीस लाख औंसांहून जास्त सोनं निघालं होतं. एरवी अशा गावांचं काय होतं माहितीय ना? दारंखिडक्या उचकटून लोक निघून जातात, उरतात भिंती. रॉसलँड वाचलं, कारण खाली ट्रेलचा स्मेल्टर चालू होता. लोक वर राहायचे आणि पाळीला खाली जायचे. पाळीची नोकरी म्हणजे कधी सकाळ मोकळी, कधी दुपार मोकळी. आणि दाराबाहेर उतार.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट आता येते. 1947 मध्ये रॉसलँड आणि ट्रेलच्या स्कीवेड्यांनी एकत्र येऊन रेड माउंटन स्की क्लब उभा केला आणि ठरवलं की आपल्याला चेअरलिफ्ट हवी. कॅनडातली पहिली चेअरलिफ्ट 1939 मध्ये पूर्वेला, मॉं ट्रॉम्ब्लाँ इथे आली होती, पण तिथे पैसेवाला अमेरिकन मालक होता. इथे मालक नव्हता. पण खाणींमुळे एक गोष्ट भरपूर होती: खनिजाच्या बादल्या वाहणाऱ्या जुन्या रोपवेचं सामान, आणि ते जोडता येणारी माणसं. फिटर, वेल्डर, सुतार, इलेक्ट्रिशियन, सगळे स्मेल्टरमध्येच कामाला. सुट्टीच्या दिवशी श्रमदान करून त्यांनी लिफ्ट उभी केली. पश्चिम कॅनडातली ती पहिली चेअरलिफ्ट. ज्या तंत्राने आयुष्यभर दुसऱ्याचं सोनं खाली नेलं, त्याच तंत्राने ही माणसं स्वतःला वर घेऊन गेली. बी.टेक.ला मशीन डिझाइन शिकवताना कोणी आम्हाला हे उदाहरण दिलं असतं तर मी निदान वर्गात जागा राहिलो असतो.

क्लब सभासदांचा होता, त्यामुळे गावातली पोरं शाळा सुटली की डोंगरावर. त्यातली एक नॅन्सी ग्रीन. जन्म 1943, ऑटावाचा. तीन वर्षांची असताना कुटुंब रॉसलँडला आलं. आईवडील दोघंही स्कीवेडे. सोळाव्या वर्षी ती 1960 च्या हिवाळी ऑलिंपिकला गेली. तिच्या खोलीत राहणारी ॲन हेग्टव्हाइट कॅनडासाठी सुवर्णपदक जिंकली, नॅन्सीने ते पदक जवळून बघितलं आणि ठरवलं. 1967 मध्ये अल्पाइन स्कीइंगचा वर्ल्ड कप पहिल्यांदाच सुरू झाला. महिलांमध्ये तो पहिलाच वर्ल्ड कप तिने जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा. आणि 1968 च्या ग्रेनोबल ऑलिंपिकमध्ये जायंट स्लालममध्ये सुवर्ण, तेही 2.64 सेकंदांच्या फरकाने. ज्या खेळात निकाल शतांश सेकंदावर लागतो तिथे अडीच सेकंद म्हणजे दुसऱ्या गावातून शर्यत बघणं. स्लालममध्ये रौप्य मिळालं ते वेगळं. टोपणनाव टायगर. त्याच वर्षी कॅनडातली पहिली वर्ल्ड कप शर्यत कुठे झाली? रॉसलँडला.

योगायोग म्हणाल, तर पुढचं ऐका. 1992 च्या ऑलिंपिकमध्ये महिलांच्या डाउनहिलचं सुवर्ण केरिन ली-गार्टनरने घेतलं, 0.06 सेकंदांनी. ऑलिंपिक डाउनहिल जिंकणारी ती पहिली कॅनेडियन. ती कुठे वाढली? रॉसलँड. तेव्हाही चारेक हजार वस्तीचं गाव, आणि दोन ऑलिंपिक विजेत्या मुली. मला नाही वाटत हे हवापाण्यामुळे झालं. उतार अवघड होता आणि तिकीट परवडत होतं. या दोन गोष्टी एका जागी फार क्वचित सापडतात.

आमच्या स्नोबोर्डवाल्यांचाही यात छोटासा हिस्सा आहे. 1980 च्या दशकात उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक रिसॉर्टवर स्नोबोर्डला बंदी होती. ढगळ कपड्यांतली पोरं, बर्फ खरवडतात, शिस्त नाही, विमा कोण देणार, वगैरे. मग 1998 मध्ये नागानोला स्नोबोर्ड ऑलिंपिकमध्ये आलं आणि पहिलं सुवर्ण कॅनडाच्याच रॉस रेबाग्लियातीने घेतलं. गांजाचा अंश सापडला म्हणून पदक काढून घेतलं, आणि गांजा तेव्हा प्रतिबंधित यादीत नीट बसतच नव्हता म्हणून परत दिलं. आज लिफ्टवर शेजारी सत्तरीतले स्कीवाले आजोबा बसतात आणि माझ्या बोर्डची चौकशी करतात. डोंगर कोणाचा, हा वाद असाही एकदा मिटलेला आहे.

पण दुसरा वाद मिटलेला नाही. लिफ्ट जुन्या होत गेल्या, दुरुस्ती महाग, आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीस क्लबने डोंगर खाजगी मालकाला विकला. 2004 मध्ये तो सॅन दिएगोच्या हॉवर्ड कॅटकॉव्हच्या गटाने घेतला. त्यांनी 2013 मध्ये ग्रे माउंटन उघडून जवळपास हजार एकर वाढवले, 2018 मध्ये पायथ्याशी जोसी नावाचं आलिशान हॉटेल आलं. जोसी हेही एका जुन्या खाणीचं नाव. मधल्या काळात कंपनीने इंटरनेटवरून सामान्य लोकांकडून भांडवल गोळा करायची मोहीम काढली. घोषणेचा भावार्थ असा: बड्या धेंडांशी लढा, डोंगराचे मालक व्हा. रोख उघड होता, कारण अमेरिकेतल्या बलाढ्य कंपन्या एकामागून एक रिसॉर्ट गिळत होत्या. मला ती घोषणा आवडली आणि थोडी टोचलीही. 1947 मध्ये लोक मालक झाले ते पाना आणि हातोडा घेऊन. शेअर घेणं वेगळं, आणि शेअरच्या पायी काय होतं ते या गावाने व्हिटेकर राइटच्या वेळी पाहिलंय. आता तर रेड माउंटन आयकॉन पासवरही आहे, म्हणजे बड्यांपैकीच एकाच्या सामायिक पासवर. मी आलो तोही त्याच पासवर, हे कबूल केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रे माउंटनच्या लिफ्टवर माझ्या शेजारी एक काका बसले. तीस वर्षं स्मेल्टरमध्ये काढलेली, आता निवृत्त. कुठून आलास, काय करतोस, नेहमीची चौकशी. मी म्हटलं, सॉफ्टवेअर, घरूनच काम, कुठूनही करता येतं. ते थोडे गप्प झाले. मग म्हणाले, मुलगी इथेच शिकवते, शाळेत. दोन वर्षं गावात घर शोधतेय, भाडं झेपत नाही. लॅपटॉपवाले आले, त्यांचा पगार शहराचा आणि घरं इथली. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. वर पोचल्यावर त्यांनी काठीने दाखवलं, डावीकडे जा, तिकडच्या झाडांत कालचा बर्फ अजून कोणी मोडलेला नाही.

मी डावीकडे गेलो. खरंच कोणी मोडलेला नव्हता. गुडघाभर, पीठासारखा. जोडीदाराला हाक मारली, त्याची हाक आली, आणि पुढची चार मिनिटं मी पडलो नाही. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली चार मिनिटं असतील.

त्या रात्री खोलीवर आल्यावर मी फोनवर रॉसलँडमधली भाड्याची घरं बघत बसलो. एक दोन खोल्यांचं होतं, युनियन हॉलपासून चालत पाच मिनिटांवर. भाडं मला परवडणारं. सेव्ह करून ठेवलंय. अजून फोन केलेला नाही, आणि डिलीटही केलेलं नाही.